जागल्याची पेंढी

माझं शिक्षण उसाच्या फडानं केलं, असं आजोबा शेवटपर्यंत म्हणत. ते खरंही होतं. धुळ्याच्या कॉलेजची फी, वसतिगृहाचं भाडं, पुढे बी.एड.चा खर्च, सगळं गुळाच्या ढेपांतून निघालं. फडाला पाणी पाटानं दिलं आणि पाटाला बंधाऱ्यानं, एवढी साखळी आमच्या घरात पोरासोरांनाही पाठ होती. बंधारा कुणी राखला, हे मात्र कुणी पुढे विचारत नसे. पंचांची नावं घेतली जात, पाटकऱ्याचं नाव आदरानं घेतलं जाई, हवालदाराला सणाला जेवायला बोलावत. रात्री भिंतीच्या टोकाला घोंगडी टाकून बसणाऱ्या माणसाला सगळं गाव नुसतं ‘जागल्या’ म्हणे, तेही अरे-तुरे करून. माझ्याहून लहान पोरंसुद्धा. आजी तेवढी त्याला ‘भाऊ’ म्हणायची. तिच्यामुळे मी ‘जागल्याबाबा’ म्हणू लागले. त्याच्याविषयी लिहायचं बरीच वर्षं मनात होतं.

आमचं गाव पांझरेकाठचं. पांझरा साक्री तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या उतारावर उगम पावते, पिंपळनेरवरून वाहत कान नदीला पोटात घेते, धुळे शहरातून जाते आणि उत्तरेकडे वळून मुडावदला तापीला मिळते. तिच्यावर आणि शेजारच्या बागलाणातल्या मोसम, आरम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत. ते तीन-चारशे वर्षांचे मानले जातात. आमचा कुणी बांधला हे ठाम कुणालाच सांगता येत नाही. एक म्हातारा फारुकी सुलतानांचं नाव घेतो, दुसरा पेशव्यांच्या सरदाराचं, तिसरा सरळ पांडवांवर जातो. 1880 साली छापलेल्या खानदेश गॅझेटियरमध्ये या बंधाऱ्यांची नोंद आहे, म्हणजे इंग्रजांना ते आयते मिळाले एवढं नक्की. पाहुणा आला की आमच्याकडे विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागलेल्या त्या तरुण इंजिनियरला सुरुवातीलाच खानदेशात धाडलं होतं, आणि पांझरेच्या एका पाटासाठी नळाचा सायफन बसवायचं काम त्याच्याकडे होतं. पुढे त्यांनी दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत सुचवली, तिचं बी आमच्या फडात होतं, असं आमचे लोक छाती काढून सांगतात. सांगोत बापडे.

फडाची रचना मी पुढे वर्गात मुलांना फळ्यावर काढून दाखवायची. नदीत आडवी भिंत. तिच्या एका अंगाला मोरी, मोरीतून निघणारा पाट. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेताशेतात जाणारे सारंग, आणि जास्तीचं पाणी परत नदीत सोडणारे सांडम. पाटाखाली भिजणारी सगळी जमीन, म्हणजे थळ, सहसा चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. एका फडात ऊस असला तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात हरभरा किंवा भुईमूग, आणि दरवर्षी पिकं फिरायची. खरी मेख पुढे आहे. प्रत्येक घराची एकेक पट्टी चारही फडांत असे. नदीला पाणी कमी आलं, की पंच बैठक घेऊन एखादा फड बंद ठेवत, आणि तो बंद ठेवला की सगळ्यांचीच एकेक पट्टी पडीक राही. वरच्याचं भिजलं आणि खालच्याचं करपलं, असं होत नसे. पाणी कुणी आपल्या हातानं शेतात घ्यायचं नाही, ते पाटकऱ्याच्या माणसांनीच द्यायचं. वाफा भरला की चारी फोडून पुढच्याला. मालक बांधावर उभा असला तरी त्याच्या हातात फावडं नसे.

ही समन्यायी वाटपाची पद्धत आहे असं आता पुस्तकांत छापून येतं, परिसंवादांत बोललं जातं. मीही वर्गात तसंच शिकवलं. मुलांनी कधी विचारलं नाही, म्हणून मला सांगावं लागलं नाही, की जागल्याबाबाची चारांपैकी एकाही फडात पट्टी नव्हती. तो भिल्ल वस्तीतला. टेकडीच्या पायथ्याशी त्याचा कोरडवाहू तुकडा होता, त्यात पावसावर बाजरी व्हायची किंवा व्हायची नाही. फडाकडून त्याला मिळायच्या पेंढ्या: पीक निघालं की प्रत्येक घरानं आपल्या पट्टीच्या मानानं ठरलेल्या पेंढ्या खळ्यावर त्याच्यासाठी बाजूला टाकायच्या. गुऱ्हाळ लागलं की थोडा गूळ. बास. पाण्याची राखण करणाऱ्याला पाण्याचा थेंब हक्कानं नव्हता.

त्याच्यासोबत बंधाऱ्यावर जायची परवानगी मला आजीमुळे मिळाली. ती त्याच्यासाठी भाकरी बांधून द्यायची आणि मी ती घेऊन जायची. दिवस मावळायच्या आत परत यायचं, या अटीवर. भिंत सरळ नव्हती. मध्येच ती वरच्या अंगाला कोपर काढून वळे आणि पुन्हा समोरच्या काठाकडे जाई. मला वाटे बांधणाऱ्याची दोरी चुकली. एकदा उन्हाळ्यात डोह आटला तेव्हा जागल्याबाबानं मला भिंतीच्या पायाशी नेलं आणि काठीनं खालचा खडक वाजवून दाखवला. काळा, घट्ट, दोन्ही काठांत शिरलेला. “भित काया खडकवर बसेल शे,” तो म्हणाला. खडक वळला म्हणून भिंत वळली. पुढे कॉलेजात भूगोलाच्या तासाला धुळे-नंदुरबारकडच्या डाईकविषयी ऐकलं. भेगांमध्ये शिरून थिजलेल्या लाव्ह्याच्या त्या उभ्या भिंती आजूबाजूच्या बसाल्टला कापत मैलोनमैल जातात आणि वाटेत नद्यांनाही आडव्या येतात. वर्गात मी एकटीनंच त्यातल्या एकीच्या पायाला हात लावला होता. प्राध्यापकांनी शाबासकी दिली. ती मी खुशाल घेतली.

बंधारा राखणं म्हणजे चोरापासून राखणं, असा माझा समज होता. वरच्या गावचा कुणी रात्रीत मोरी बुजवेल, आमच्यातलाच कुणी चारी फोडेल. तेही होतं, पण क्वचित. खरा शत्रू बारीक आणि चिवट होता. पाटाच्या मातीच्या काठाला खेकडे बिळं पाडतात, बिळातून पाणी पाझरतं, पाझर दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी काठ बसतो. भिंतीतल्या चुन्याच्या दर्जा पाण्यानं खाल्ल्या जातात. पुरात वाहून आलेला ओंडका माथ्यावर आपटून एखादा चिरा सैल करतो. भिंतीमागे गाळ साचतो. पहिल्या पुराचं लाल पाणी आलं की मोरीच्या फळ्या काढून तो वाहू द्यायचा, आणि पाणी निवळायच्या आत फळ्या परत बसवायच्या. ती वेळ साधायची म्हणजे मृगापासून भिंतीवरच मुक्काम. बांबूच्या लांब काठीनं ओंडके वळवत तो पुराच्या कडेला उभा असे, आणि आजोबा इकडे ओसरीवर ‘यंदा पाणी चांगलं’ असं म्हणत असत.

पाझर शोधायची त्याची रीत साधी होती. डोह भरलेला असताना तो वरच्या अंगानं मूठमूठ भुसा पाण्यावर सोडे आणि पाहत बसे. बहुतेक भुसा तरंगत माथ्याकडे जाई. एखाद्या जागी तो गोल फिरे आणि आत ओढला जाई. तिथे भिंतीत तोंड आहे. मग कंबरभर पाण्यात उतरून पायानं ती जागा चाचपायची, चिकणमाती, गवत आणि चिंध्यांचा बोळा कोंबायचा, आणि उन्हाळ्यात पाथरवट येईल तेव्हा दाखवायला काठावर खुणेचा दगड ठेवायचा. रात्री ही रीत चालत नाही. तेव्हा कान. भिंतीवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज एकसारखा असतो, आमच्या घरापर्यंत तो ऐकू येई आणि आम्हाला त्याचं भानही नसे. एका थंडीत पहाटेच्या अंधारात तो दारात येऊन उभा राहिला. “आवाज बदलना, आप्पा.” आजोबांना काही वेगळं ऐकू येईना. तरी त्यांनी माणसं उठवली. मोरीच्या बाजूचा चिरा सरकला होता. दुपारपर्यंत थांबले असते तर मोरीच गेली असती आणि तिच्यासोबत रब्बीही.

आणि पिंपळ. कावळ्यांनी टाकलेलं बी दगडाच्या फटीत रुजतं, दोन पावसाळ्यांत मूळ दर्जेत शिरतं, आणि पुढे ते मूळ जाड होत चिरे हळूहळू बाजूला सारतं. जुन्या बांधकामाचा याच्याइतका मोठा वैरी नाही. रोप कोवळं असताना काढलं तर निघतं. उशीर झाला की कापून मुळाशी हिंग भरून ते मारावं लागतं. पण पिंपळाला हात कोण लावणार? आमच्या घरात शनिवारी पिंपळाला पाणी घालत. पंचांपैकी कुणी ते काम केलं नसतं, करवून घेताना मात्र कुणाला अडचण वाटली नाही. ‘जागल्याला सांगा’ म्हटलं की झालं. पाप लागायचं ते त्याला लागेल. दरवर्षी वैशाखात तो विळा घेऊन सगळी भिंत फिरे. रोप निघताना मुळासकट निघालं तर ते ओल्या फडक्यात बांधून नाल्याच्या काठी लावी. नाल्यावरचे आजचे मोठे पिंपळ त्यानं लावलेले आहेत. आमच्या देवळाच्या पारावर जो पिंपळ आहे, तोही बंधाऱ्यातून आलेला, असं आजी सांगायची. त्याला गाव प्रदक्षिणा घालतं.

1972 च्या दुष्काळात मी शाळेत होते. त्या वर्षी पंचांनी तीन फड बंद ठेवले आणि चौथ्यात चाऱ्याचं पीक घेतलं. डोहात गुडघाभर पाणी उरलं होतं. पाटाला धार होती, ती जनावरांसाठी. गावात दोन विहिरींना पाणी होतं, भिल्ल वस्तीतला झरा मात्र आटला होता. वस्तीतल्या बायका रात्री पाटावर घागरी घेऊन येऊ लागल्या आणि त्यांना परत पाठवायचं काम जागल्याबाबाचं होतं. त्यांत त्याची बायको होती, सून होती. पाटाचं पाणी फडाचं, पंचांच्या परवानगीशिवाय कुणाला द्यायचं नाही, हा नियम. त्यानं तो पाळला. सकाळी येऊन पंचांसमोर उभा राहिला आणि बंधाऱ्याच्या खाली, नदीच्या वाळूत वस्तीसाठी झिरा खणू द्या, भिंतीतून पाझरणारं पाणी त्यात येईल, फडाचं काही जाणार नाही, असं म्हणाला. पंचांनी विचार करायला दोन दिवस घेतले. भिंतीच्या पायाशी खड्डा घेतल्यानं पाया उघडा पडेल का, आज एक झिरा दिला तर उद्या सगळे मागतील का, अशी चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी परवानगी मिळाली. वस्तीनं झिरा खणला. भिंतीला काही झालं नाही.

आजोबा ही गोष्ट पुष्कळदा सांगत आणि सांगताना त्यांचा आवाज भरून येई. घरच्या बाईची घागर रिकामी परत पाठवली, पण पाट फोडला नाही, असं इमान! लहानपणी मलाही ती त्याच्या इमानाची गोष्ट वाटायची. आता मी ती पंचांची गोष्ट म्हणून ऐकते. त्या दोन दिवसांत आमच्या घरात रांजण भरलेले होते आणि आजोबा पंच होते. ते वाईट नव्हते. त्यांनी नियम पाळला, त्यानंही पाळला. नियमाचा भार मात्र एकाच्याच डोक्यावर आला. माझी जी काही देणी आहेत त्यांत सगळ्यात वरचं देणं त्या दोन रात्रींचं आहे असं मला वाटतं, आणि ते कुठल्या मापानं मोजायचं हे मला अजून उमगलेलं नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. वरच्या भागात धरणं झाली, पांझरेचं बारमाही वाहणं संपलं आणि पाणी आवर्तनानं येऊ लागलं. काठाकाठानं विहिरी खोदल्या, त्यांवर मोटारी बसल्या. ज्याची मोटार त्याचं पाणी, मग फडात एकच पीक घ्यायला कोण ऐकणार? बऱ्याच गावांत फड नावापुरता राहिला. आमच्याकडे दोन फड अजून कसेबसे चालतात, कारण विहिरींना पाणी बंधाऱ्यामुळे येतं हे उशिरा का होईना लोकांच्या लक्षात आलं. एकदा डोह कोरडा राहिला आणि काठच्या विहिरी माघातच खडखडल्या, तेव्हा आलं.

मधल्या काळात भिंतीला दोन जखमा झाल्या. पहिली दुरुस्तीनं केली. कुठल्याशा योजनेतून पैसे आले, ठेकेदार आला, आणि चुन्याच्या जुन्या भिंतीवर त्यानं सिमेंटचा गुळगुळीत थर चढवला. फोटो छान आले. चुना मऊ असतो, तो दगडासोबत थोडा हलतो, ओल आत घेतो आणि बाहेर टाकतो. सिमेंट ताठ. ओल त्याच्यामागे कोंडली, तीनेक पावसाळ्यांत थराला भेगा गेल्या आणि तो पापुद्र्यांनी सुटू लागला. सुटताना जुन्या चुन्याची सालंही घेऊन गेला. दुसरी जखम वाळूची. भिंतीच्या खालच्या अंगाची वाळू ट्रॅक्टर, मग डंपर भरभरून गेली. भिंतीवरून पडणारं पाणी वाळूच्या गादीवर पडायचं ते आता सरळ तळावर पडू लागलं, तळ खरवडला गेला, आणि जिथे काळा खडक खोल होता तिथे पायाचा दगड उघडा पडला. वाळू रात्रीच नेतात. म्हणजे पुन्हा रात्रीची राखण आली.

ती राखण जागल्याबाबाचा नातू करतो. बाबा गेले तेव्हा मी नाशिकला नोकरीत होते, निरोप उशिरा मिळाला. नातू बारावी झालेला आहे, दिवसा पिंपळनेरला एका दुकानात काम करतो. डंपरचे फोटो त्यानं मोबाईलवर काढले, नंबरांसकट तहसीलला दिले, धमक्या खाल्ल्या, पुन्हा दिले. निवृत्त झाल्यावर मी उन्हाळ्यात गावी राहू लागले ते बरंचसं त्याच्यामुळे. उघड्या पायाशी तारेच्या जाळ्यांत डबर भरून रचायचं ठरलं, तेव्हा माझ्या हातातली रक्कम मी दिली, भावानं ट्रॅक्टर दिला. दर्जा भरायला मात्र चुनाच हवा, असा नातवानं हट्ट धरला. आजोबानं सांगितलेलं त्याच्या ध्यानात होतं. बागलाणातून एक म्हातारा पाथरवट मिळाला, त्यानं कळीचा चुना विरवला, वाळूसोबत घोटला, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घातला. वास मला लहानपणीचा ओळखीचा वाटला नाही, खरं सांगायचं तर मी तेव्हा कधी घेतलाच नव्हता. चुन्याच्या घाणीजवळ मुलींना जाऊ देत नसत. काम चांगलं झालं. दोन पावसाळे गेले, दर्जा जागेवर आहेत. नातू अजून भुसा सोडून पाहतो. मी त्याला म्हटलं, पाण्यात रंग टाकून बघता येईल. तो म्हणाला, भुसा फुकट मिळतो.

गेल्या फाल्गुनात मी त्याला सांगितलं, की तुझ्या आजोबावर लिहायचं मनात आहे, आमच्या घरावर त्याचं फार मोठं ऋण आहे. तो भिंतीच्या माथ्यावर पिंपळाचं रोप खुडत होता. हात न थांबवता म्हणाला, “लिहा की, आत्या. पण त्यात हेही घाला, दोन हंगामांची पेंढी बाकी आहे. पंचांना सांगून दमलो मी.”

पेंढी म्हणजे आता रोख. पाटाच्या पट्टीसोबत एकरी ठरलेली रक्कम गोळा करायची आणि जागल्याला द्यायची. माझा भाऊ सध्या पंच आहे. रात्री जेवण झाल्यावर मी त्याला वही काढायला लावली. त्यानं कुरकुर केली, मग कपाटातून काढली. घराघरांच्या नावापुढे पट्टी भरल्याची नोंद होती आणि शेवटच्या रकान्यात जागल्याची पेंढी. तो रकाना जागोजागी कोरा होता. आमच्या घराच्या ओळीतही कोराच. भाऊ म्हणाला, पट्टी भरली होती गं, हे राहूनच गेलं, एवढ्याशा पैशाचं कोण लक्षात ठेवतं.

आमची बाकी त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी नेऊन दिली आणि वहीत सही घेतली. उरलेल्या घरांची नावं वैशाखातल्या बैठकीत वाचून दाखवावीत, असं मी सुचवलं. भावाला ते पसंत नव्हतं. गावात उगाच वाईटपणा कशाला, असं त्याचं म्हणणं. शेवटी नातवाला बैठकीला बोलवायचं आणि वही त्याच्याच हातात द्यायची, एवढ्यावर तो राजी झाला. बैठक अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी आहे. पंचांच्या ओट्यावर जागल्याला बसायला बोलावण्याची ही पहिलीच वेळ. त्याला अरे म्हणायचं की अहो, यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.